हरलेला हंगाम : एक अभ्यास

या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही एका पराभवाची हकीकत निवडली आहे. १९५१ साली अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीचा फुटबॉल संघ ९ सामने खेळला. त्यांपैकी २ जिंकला, ७ हरला. त्याच्या आधीच्या सात वर्षांत मिळून हाच संघ ६४ सामने खेळला होता आणि त्यांत अवघे ३ हरला होता. सात वर्षांत जेवढे पराभव झाले त्यांच्या दुपटीहून अधिक एकाच हंगामात पदरी आले. खेळाडू आजारी पडले नव्हते, प्रशिक्षक बदलला नव्हता. संघ शाळेनेच मोडला होता. तो का मोडला, आणि जे झाले ते योग्य झाले काय, हे आपण पाहू.

आमलीत बसून हडसन नदीकाठच्या शाळेचा विचार कशाला करावा, असे कोणी वाचक विचारील. त्या साली तर आमली-सिल्वासा पोर्तुगीज अमलाखाली होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, तोवर वेस्ट पॉइंटचा हा संघ पडून पुन्हा उभाही राहिला होता. परंतु दोन कारणांनी हा विषय आपल्या घरचा आहे. आपल्यातील कितीतरी मुले साताऱ्याच्या सैनिक शाळेची किंवा पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची आस धरून असतात. खडकवासल्याची संस्था उभारण्यापूर्वी फील्ड मार्शल ऑकिन्लेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली होती. निरनिराळ्या देशांतील लष्करी शाळांचा विचार करून त्या समितीने जो नमुना पुढे ठेवला तो वेस्ट पॉइंटचा होता. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्यास कोनशिला बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. तेव्हा वेस्ट पॉइंट ही नात्याने फार दूरची शाळा नव्हे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. तेथील संघ मोडला तो पेपर फुटण्यावरून. कारखान्याच्या पाळ्या करून मुलांस शिकविणाऱ्या आईबापांना गुणांची किंमत सांगावयास नको. शेजारच्या महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की 'कॉपीमुक्त अभियान' हे शब्द वर्तमानपत्रांत हटकून येतात. पोलीस, भरारी पथके, झडत्या हे सगळे बाहेरचे उपाय झाले. मुलाच्या मनात काय चालते, आणि त्याचा मित्र ते पाहून गप्प का बसतो, हे त्यांतून कळत नाही. वेस्ट पॉइंटच्या प्रकरणात ते पुष्कळसे कळते, म्हणून ते अभ्यासास घ्यावेसे वाटले.

खेळाविषयी थोडे

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळतात, हाताने फेकतात, आणि समोरचे गडी पळणाऱ्याला अक्षरशः उचलून आपटतात. प्रत्येक बाजूला ११ गडी असतात. चेंडू समोरच्या रेषेपलीकडे नेला की ६ गुण मिळतात आणि मग लाथेने एक जादा गुण मिळविण्याची संधी असते. महाविद्यालयांचे सामने शरद ऋतूत आठवड्याला एक असे होतात. खेळ आपल्याला रांगडा वाटेल. पण अमेरिकेत एखाद्या महाविद्यालयाची अब्रू कितीतरी अंशी या संघावर अवलंबून असते, आणि भूदलाच्या अकादमीचा नौदलाच्या अकादमीशी होणारा वार्षिक सामना तर सारा देश पाहतो.

१८०२ साली स्थापन झालेल्या या शाळेला १९४० साली फार वाईट दिवस आले होते. त्या हंगामात ९ पैकी एकच सामना जिंकला, एक बरोबरीत सुटला, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तर ४८-० असा धुव्वा उडविला. तो सामना जनरल आयकेलबर्गर यांनी पाहिला. ते अकादमीचे सुपरिंटेंडेंट झाले आणि त्यांनी १९४१ साठी अर्ल ब्लेक यांना प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले. ब्लेक हे याच शाळेचे १९२० सालचे पदवीधर. माणूस अबोल, काटेकोर, दारू-सिगारेटला न शिवणारा. त्यांनी संघाला असे घडविले की १९४४, १९४५ आणि १९४६ या तीन हंगामांत आर्मी एकही सामना हरली नाही. १९४८ आणि १९४९ सालीही पराभव नाही. १९५० साली सलग ८ सामने जिंकून संघ नेव्हीपुढे गेला आणि तेथे मात्र १४-२ असा अनपेक्षित हरला. त्या वेळी ही केवळ एक ठेच वाटली. मोठा खड्डा पुढेच होता.

पेपर कसा फुटला

वेस्ट पॉइंटच्या कॅडेटाने पाळावयाचा एक नियम आहे. खोटे बोलायचे नाही, फसवायचे नाही, चोरी करायची नाही, आणि असे करणाऱ्याला खपवून घ्यायचे नाही. नियम जुना आहे. मॅकआर्थर सुपरिंटेंडेंट असताना, १९२२ साली, त्याच्या अंमलबजावणीसाठी कॅडेटांची रीतसर समिती आली. या नियमामुळे तेथे परीक्षेच्या खोलीवर पहारा ठेवण्याची गरज मानीत नसत. कॅडेटाने 'मी केले नाही' म्हटले की ते खरे धरले जाई. हा विश्वास हीच त्या शाळेची खरी मालमत्ता होती.

त्याच विश्वासावर शाळेने एक मोठी सोय बेतली होती. सगळे कॅडेट दोन रेजिमेंटांत विभागलेले असत. अभ्यासाची पद्धत अशी की जवळजवळ रोज चाचण्या व्हायच्या आणि रोज गुण पडायचे. परंतु एका रेजिमेंटला जी चाचणी आज दिली, तीच, अगदी त्याच प्रश्नांसह, दुसऱ्या रेजिमेंटला दुसऱ्या दिवशी देत. आपल्या शाळेतील शिक्षकांना हे ऐकून हसू येईल. 'अ' तुकडीची चाचणी सोमवारी आणि 'ब' तुकडीची मंगळवारी, तीच प्रश्नपत्रिका. मधली रात्र मुलांच्या हवाली! असे केल्यावर काय होणार हे सांगायला आमलीतला कोणताही मास्तर पुरेसा आहे.

फुटबॉलचे खेळाडू दुपारभर मैदानावर, रात्री थकून आलेले. अभ्यासात मागे पडले तर संघातूनच नव्हे, अकादमीतूनही जाण्याची वेळ. म्हणून हुशार कॅडेट त्यांची शिकवणी घेत. हे वाईट नव्हते, उलट कौतुकाचेच होते. पण शिकविता शिकविता, 'हा भाग नीट बघ' असे म्हणता म्हणता, 'आज आम्हांला हेच विचारले' यावर गाडी केव्हा आली हे कोणालाच नेमके सांगता येणार नाही. एकाने सांगितले, दुसऱ्याने ऐकले, तिसऱ्याला न ऐकण्याचे धैर्य झाले नाही. संघात एकमेकांसाठी अंग झोकून देणे शिकविले जातेच. तेच प्रेम चुकीच्या जागी वाहू लागले. या मुलांत पैशाचा व्यवहार नव्हता. आमच्या मते म्हणूनच हे प्रकरण समजून घेणे कठीण जाते, आणि म्हणूनच ते पैशाच्या फुटीपेक्षा जास्त शिकविते.

चहाडी की कर्तव्य

१९५१ च्या वसंतात काही कॅडेटांनी ही गोष्ट वर कळविली. येथे आपण थांबले पाहिजे. मराठीत या कृत्याला फार वाईट शब्द आहे: चहाडी. लहानपणापासून आपण मुलांना सांगतो की चहाडी करू नये, आणि खेळगड्यांत चहाडखोराला कोणी घेत नाही. मग ज्यांनी सांगितले ते चहाडखोर ठरतात काय?

आम्हांस वाटते, येथे एक भेद करावा लागतो. चहाडी करणारा दुसऱ्याला खाली पाडून स्वतः वर चढतो, किंवा नुसत्या मत्सराने बोलतो. त्यात तिसऱ्या माणसाचे काही वाचत नाही. वेस्ट पॉइंटला तिसरा माणूस होता. तेथे वर्गातील क्रमांकावरून कॅडेटाला पुढे सैन्याची कोणती शाखा निवडता येईल हे ठरे. चोरलेल्या गुणांनी एक वर गेला की प्रामाणिक एक खाली आला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे युद्ध. त्या वेळी कोरियात लढाई चालू होती. १९४४ च्या संघाचा कर्णधार टॉम लोम्बार्डो सप्टेंबर १९५० मध्ये तेथे पडला, आणि १९४९ च्या संघाचा कर्णधार जॉन ट्रेंट त्याच वर्षी नोव्हेंबरात. रणांगणावर लेफ्टनंट जो निरोप पाठवितो, 'टेकडी आमच्या ताब्यात आहे', त्यावर मागच्या शेकडो माणसांचे प्राण टांगलेले असतात. तेव्हा कॅडेटाने खरे बोलणे हे तेथे निव्वळ सद्गुणाचे काम नव्हते, ते हत्यार साफ ठेवण्यासारखे रोजचे काम होते.

हे सारे मान्य केल्यावरही पुढच्या एका गोष्टीपाशी आमचे मन अडखळते. कमांडंट कर्नल पॉल हार्किन्स यांनी काही कॅडेटांना त्या गटात मिसळून नावे काढण्यास सांगितले. म्हणजे फसवायचे नाही हा नियम राखण्यासाठी काही आठवडे मित्रांना फसवावयाचे. ज्या मुलांना हे करावे लागले त्यांच्या झोपेचे काय झाले असेल? अधिकाऱ्यांपुढे दुसरा उपाय नव्हता असे म्हणता येईल. तरी जो मित्राला तोंडावर सांगतो की 'हे बंद कर, नाहीतर मी वर सांगेन,' त्याचे सांगणे आणि बाकावर शेजारी बसून यादी करणाऱ्याचे सांगणे यांची तुलना तुमच्या अभ्यासमंडळात अवश्य व्हावी. तरुण मुले यावर मोठ्यांपेक्षा चांगले बोलतात.

खरे बोलल्याची किंमत

मे महिन्याच्या अखेरीस चौकशी सुरू झाली. खेळाडू घाबरून ब्लेक यांच्याकडे गेले. त्यांच्यात ब्लेक यांचा मुलगा बॉब होता. तो संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरविणारा आणि चेंडू फेकणारा मुख्य गडी. काय करावे, असे त्यांनी विचारले. ब्लेक यांनी त्यांस सांगितले की चौकशी मंडळापुढे जा आणि जे खरे आहे ते आडपडदा न ठेवता सांगा. बापाने मुलाला दिलेला हा सल्ला पुष्कळांना माहीत नाही. पराभवाची सुरुवात येथे झाली असे आम्ही समजतो, आणि त्या माणसाच्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी जीत होती असेही म्हणावेसे वाटते, जरी त्याची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही.

मुलांनी सांगितले. बहुतेकांच्या विरुद्ध मुख्य पुरावा म्हणजे त्यांचे स्वतःचेच शब्द. काहींनी फक्त एवढेच केले होते की त्यांना ठाऊक होते आणि ते बोलले नव्हते. तेही दोषी धरले गेले. ज्यांनी सरळ नाकारले त्यांच्यावर दोष शाबित करणे अवघड गेले, आणि काही जण तसेच सुटले असे पुढे अनेकांनी म्हटले आहे. न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्या अध्यक्षतेखाली तिघांच्या मंडळाने जुलैत प्रकरण पुन्हा पाहिले आणि काढून टाकण्याचा निर्णय कायम केला. ३ ऑगस्ट १९५१ रोजी घोषणा झाली की सुमारे ९० कॅडेट जातील. त्यांत ३७ जण फुटबॉलचे होते.

देशभर गदारोळ उठला. सिनेटर फुलब्राइट यांनी तर अकादम्यांतून हा खेळच बंद करावा असे सुचविले. ब्लेक यांच्या मनात राजीनामा द्यावा असे आले होते. मुलगा गेला, संघ गेला, नाव गेले. राहून काय करावयाचे? ते जनरल मॅकआर्थर यांना भेटले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मॅकआर्थर यांना सेनापतिपदावरून दूर केले होते, तेव्हा अपमान म्हणजे काय हे त्यांना शिकवावयास नको होते. भडिमार चालू असताना जागा सोडू नये, असा त्यांचा सल्ला पडला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ब्लेक यांनी पत्रकारांसमोर सांगितले की आपण राहणार. गेलेल्या मुलांचा त्यांनी त्याच वेळी कैवार घेतला, आणि पुढे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातही ती भूमिका सोडली नाही. ही मुले चारित्र्यहीन नव्हती असे ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. यात बापाची माया किती आणि न्याय किती हे ज्याचे त्याने ठरवावे.

सात पराभव

मैदानावर उतरावयास राहिले ते मागच्या बाकावरचे. आदल्या वर्षी ज्यांचा नंबर तिसऱ्या-चौथ्या फळीत होता, ज्यांना कोणी गणतीत धरले नव्हते, त्यांच्या अंगात मोठ्यांचे पोशाख चढले. पहिल्याच सामन्यात व्हिलानोव्हाने २१-७ असे हरविले. मग नॉर्थवेस्टर्न, मग डार्टमथ. हार्वर्डशी २२-२१, म्हणजे एका गुणाने हार. चार पराभवांनंतर कोलंबियाला १४-९ असे नमविले तेव्हा कोठे पहिला विजय दिसला. त्यानंतर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने २८-६ असे झोडपले. सिटाडेल या दुसऱ्या एका लष्करी महाविद्यालयाविरुद्ध एक विजय मिळाला, पण पेनसिल्व्हेनियाशी पुन्हा एका गुणाने, ७-६ अशी, हार झाली. शेवटी १ डिसेंबरला फिलाडेल्फियात नेव्हीने ४२-७ असा चुराडा केला.

हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया यांच्याशी एकेका गुणाने झालेले हे पराभव आम्हांस अधिक बोलके वाटतात. पस्तीस गुणांनी हरणारा संघ कमजोर असतो, त्यावर फारसे बोलण्यासारखे नसते. पण एका गुणाने हरणाऱ्या मुलांच्या मनात काय आले असेल? गेलेल्यांपैकी एक जण जरी आज असता तर! हा विचार न येणे अशक्य. आणि तरी ही मुले दर शनिवारी उभी राहिली, तेही अशा वेळी की शाळेत फुटबॉलवाल्यांकडे संशयाने पाहिले जात होते. ज्यांनी काही केले नव्हते त्यांनाच गेलेल्यांचा डाग अंगावर वागवावा लागला. निरपराध्याने दुसऱ्याच्या दोषाचे ओझे वाहणे म्हणजे काय, याचे यापेक्षा साधे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

ब्लेक यांच्या हाताखाली त्या काळात व्हिन्स लोम्बार्डी नावाचा एक सहप्रशिक्षक होता. (वर उल्लेखिलेला लोम्बार्डो निराळा.) पुढे ग्रीन बे येथे त्याने एवढे नाव कमावले की अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा सर्वांत मोठा चषक आज त्याच्या नावाचा आहे. जिंकण्याचा ध्यास घेतलेला माणूस म्हणून जग त्याला ओळखते. तो १९५१ च्या या हरत्या संघाबरोबर दिवसचे दिवस मातीत राबला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९५२ साली ४ विजय, ४ पराभव, एक बरोबरी. मग १९५३ उजाडले. १९५१ साली दुसऱ्या वर्षात असलेली मुले आता शेवटच्या वर्षात होती. ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये ड्यूक विद्यापीठाशी सामना होता. आर्मी १४-१३ अशी पुढे, आणि ड्यूकचा रेड स्मिथ चेंडू घेऊन सुटला. त्याच्यापुढे कोणीच नव्हते. बॉब मिशॅक हा आर्मीचा गडी बऱ्याच अंतरावरून त्याच्या मागे धावला आणि गोलरेषेला काही यार्ड उरले असताना त्याने त्याला पाडले. त्यानंतर ड्यूकने पुन्हा पुन्हा मुसंडी मारली, पण आर्मीची फळी हलली नाही. सामना जिंकला. त्या हंगामात ७ विजय, एक पराभव आणि एक बरोबरी झाली, आणि नेव्हीला २०-७ असे हरविले. मिशॅक १९५४ च्या तुकडीचा, म्हणजे पराभवाच्या वर्षी शाळेत असलेला मुलगा.

येथे वाचकांस सावध करावेसे वाटते. ही गोष्ट 'प्रामाणिक राहिले म्हणून दोन वर्षांत फळ मिळाले' अशी सांगण्याचा मोह होतो. तशी ती सांगू नये. याच शाळेचा संघ १९७३ साली १० पैकी १० सामने हरला, नेव्हीशी तर ५१-०. २००३ साली १३ पैकी १३ हरला. २००२ पासून २०१५ पर्यंत सलग चौदा वर्षे नेव्हीकडून हार खाल्ली आणि २०१६ साली २१-१७ असा एकदाचा विजय मिळाला. त्या वर्षांतील मुले काही लबाड नव्हती. व्हिएतनामनंतरचे दिवस, पदवीनंतरची सैन्यातील सक्तीची नोकरी, मोठमोठ्या विद्यापीठांशी बरोबरी, अशी कारणे निरनिराळी होती. प्रामाणिक माणूस हरतोही, आणि पुष्कळदा हरतो.

दार बंद की उघडे

गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले? वेस्ट पॉइंटचे दार त्यांना कायमचे बंद झाले. एका धनिकाने आपले नाव गुप्त ठेवून काही जणांचा नोत्र दाम विद्यापीठातील खर्च उचलला, मात्र त्यांनी तेथे फुटबॉल खेळू नये अशी अट घातली. तो धनिक म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींचे वडील, हे नंतर कळले. त्या ९० पैकीच एक रे मालावासी. तो पुढे प्रशिक्षक झाला आणि १९८० च्या जानेवारीत त्याचा लॉस एंजेलिसचा संघ व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोहोचला. काही जण दुसऱ्या वाटेने सैन्यातच गेले. परंतु पुष्कळांनी हा विषय घरातही काढला नाही असे म्हणतात.

आमचे मत असे की संघ मोडला हे योग्यच झाले. तो न मोडता जिंकलेला प्रत्येक सामना आतून पोखरलेला असता. परंतु दोन गोष्टी योग्य झाल्या नाहीत. तीच प्रश्नपत्रिका दोन दिवस फिरविणाऱ्यांचे नाव शिक्षेच्या यादीत नव्हते. यादीत होती ती फक्त वीस-बावीस वर्षांची मुले. आणि ज्याने कबूल केले त्याला जी शिक्षा, तीच न कबूल करता पकडलेल्याला. मग कबुलीला किंमत काय राहिली?

हे उत्तर यायला पंचवीस वर्षे लागली. १९७६ साली विद्युत अभियांत्रिकीच्या, घरी सोडवावयास दिलेल्या एका परीक्षेत पुन्हा मोठी फसवणूक उघडकीस आली आणि दीडशेहून अधिक कॅडेट बाहेर पडले. या वेळी अंतराळवीर फ्रँक बोर्मन यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले गेले. त्या मंडळाने दोषाचा वाटा संस्थेच्या पदरातही घातला आणि मुलांना एक वर्षाने परत येण्याची मुभा द्यावी असे सुचविले. त्याप्रमाणे ९८ जण परत आले. त्यानंतर मे २०२० मध्ये, महामारीच्या दिवसांत दूरून घेतलेल्या गणिताच्या परीक्षेत ७३ कॅडेटांवर ठपका आला, त्यांत फुटबॉलचे गडीही होते. त्यांपैकी बहुतेकांना एक वर्ष मागे बसविण्यात आले, थोडेच काढले गेले. काही माजी अधिकाऱ्यांना हे फार सौम्य वाटले. आम्हांस मात्र एक वर्ष मागे बसून, रोज त्याच आवारात, त्याच सोबत्यांसमोर वावरणे ही सौम्य शिक्षा वाटत नाही.

तरुण संघात हा पाठ घेताना एक प्रश्न अवश्य ठेवावा. समजा ब्लेक यांच्याकडे आलेल्या मुलांपैकी तुम्ही एक आहात. तुम्हांला ठाऊक आहे की खरे बोलल्यास घरी जावे लागेल, आणि शेजारी उभा असलेला मित्र नाकारणार आहे व बहुधा राहणार आहे. दोघे एकाच खोलीत राहता. त्या रात्री त्याच्याशी काय बोलाल? दुसरा प्रश्न मोठ्यांसाठी. मुलगा परीक्षेहून आला की घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? बैठकीस शक्य तर आईबापांनाही बोलवावे, आणि वार्षिक परीक्षा संपल्यावर नव्हे, तर सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस ही बैठक ठेवावी.